कायदा आणि क्रमिक पुस्तक : कोकणी मुस्लिम मुलांची अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि साक्षरता
(उलवे व रायगड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

१. प्रस्तावना

पनवेल-उरण पट्ट्यातील उलवे हे खाडीकाठच्या भातशेती व मिठागरांच्या परिसरातील गाव. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईच्या आराखड्यात या परिसराचा समावेश झाला. पुढे उलवे हे एका नव्या उपनगराचे नाव बनले. नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल गाडी आली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. अशा वेगाने वाढणाऱ्या वसाहतीत राज्याच्या व देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे एकत्र राहतात. त्यांत मुस्लिम कुटुंबेही आहेत. या कुटुंबांतील सहा-सात वर्षांच्या बालकासमोर एकाच वेळी अनेक भाषा येतात. घरी कोकणी, दखनी किंवा हिंदी. कुराण पठणासाठी अरबी. धर्माची माहिती समजावून सांगणारी उर्दू. आणि शाळेत मराठी किंवा इंग्रजी. वाचनाचा पहिला धडा त्याला अनेकदा शाळेत मिळण्यापूर्वीच मक्तबमध्ये मिळालेला असतो.

या वस्तुस्थितीतून एक महत्त्वाचा शैक्षणिक प्रश्न निर्माण होतो. धर्मशिक्षणातून मिळालेली अक्षरओळख साक्षरतेत रूपांतरित होते काय? होत असल्यास कोणत्या अटींवर, आणि होत नसल्यास नेमका अडसर कोठे आहे? हा प्रश्न उलव्यात आज नव्याने दिसत असला तरी तो नवा नाही. ज्या जिल्ह्यात उलवे वसले आहे, त्या जिल्ह्यात तो किमान दीडशे वर्षे जुना आहे. म्हणून प्रस्तुत लेखात उलव्याचा प्रश्न रायगड जिल्ह्यातील कोकणी मुस्लिम समाजाच्या शैक्षणिक इतिहासाच्या आधारे तपासला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. शीर्षकातील 'कायदा' हा शब्द कायदेकानून या अर्थाने योजलेला नाही. अरबी अक्षरे व त्यांचे उच्चार शिकविणाऱ्या पहिल्या पुस्तिकेस मक्तबमध्ये 'कायदा' असे म्हणतात. बगदादी कायदा व नुरानी कायदा ही त्यांपैकी सर्वपरिचित नावे होत.

२. भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

आजचा रायगड जिल्हा १९८१ पूर्वी कुलाबा या नावाने ओळखला जात असे. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यात दाखविला आहे. कुलाबा व जंजिरा संस्थान यांचे गॅझेटियर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. मुरूड, श्रीवर्धन व म्हसळा हा दक्षिणेकडील मुलूख सिद्दी नवाबांच्या जंजिरा संस्थानात होता व १९४८ मध्ये तो मुंबई राज्यात विलीन झाला. या संपूर्ण किनारपट्टीवर तळोजे, पनवेल, पेण, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, महाड अशा ठिकाणी कोकणी मुस्लिमांची जुनी वस्ती आहे.

हा समाज फिक्हच्या दृष्टीने शाफई पंथाचा अनुयायी आहे. अरबी समुद्रातून चाललेल्या व्यापाराशी त्याचा जुना संबंध या पंथभेदातूनही सूचित होतो, कारण उत्तर हिंदुस्थानातील बहुसंख्य मुस्लिम हनफी आहेत. भाषेच्या दृष्टीने मात्र हा समाज पूर्णपणे येथील मातीतला आहे. त्याची घरची बोली ही मराठीच्या कोकणी बोलींपैकी एक असून तिच्यात अरबी-फारसी शब्दांचा भरणा आहे. जहाजावरील नोकरी, मुंबईतील व्यवसाय, पुढे आफ्रिका व आखाती देशांतील रोजगार यांमुळे घरातील पुरुष दीर्घकाळ दूर असत. पत्र लिहिता येणे व आलेले पत्र वाचता येणे ही या घरांची प्रत्यक्ष गरज होती. १९११ च्या जनगणनेत साक्षरतेची कसोटी मित्राला पत्र लिहिता येणे व त्याचे उत्तर वाचता येणे अशी ठेवण्यात आली होती. कोकणातील या समाजाला ती कसोटी जनगणना अधिकाऱ्यांनी सांगण्याची आवश्यकता नव्हती.

३. मक्तब : स्वरूप व अध्यापनक्रम

मदरसा व मक्तब या दोन संज्ञांची सर्रास गल्लत केली जाते. पूर्ण वेळ धर्मशास्त्राचे शिक्षण देणारी व बहुधा निवासी असणारी संस्था म्हणजे मदरसा. मशिदीत किंवा तिच्या लगत सकाळी वा सायंकाळी एक-दोन तास चालणारा लहान मुलांचा वर्ग म्हणजे मक्तब. मक्तबमध्ये जाणारे मूल दिवसा नेहमीच्या शाळेत जाऊ शकते व बहुतांशी जातेही. न्या. राजिंदर सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये सादर केलेल्या अहवालात हा भेद आवर्जून स्पष्ट केला आहे. शालेय वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे ४ टक्के मुलेच मदरशात जातात, हे समितीने दाखवून दिले. म्हणजेच मुस्लिम बालकांच्या धर्मशिक्षणाचा विचार करताना मदरशापेक्षा मक्तबचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो.

कोकणातील गावोगावच्या मक्तबचा खर्च सामान्यतः गावची जमात उचलते. मुंबईत व परदेशात असलेल्या गावकऱ्यांच्या वर्गणीचा त्यात मोठा वाटा असतो. शिकविण्याचे काम मशिदीचे इमाम, हाफिज किंवा मुल्ला करतात. मूल चार वर्षे, चार महिने व चार दिवसांचे झाल्यावर 'बिस्मिल्ला'चा विधी करून त्याच्या विद्यारंभास सुरुवात करण्याची प्रथा हिंदुस्थानी मुस्लिमांत रूढ होती. दक्षिणेतील मुस्लिमांच्या चालीरीतींविषयीच्या 'कानून-ए-इस्लाम' या १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही या विधीची नोंद आहे. मुलाच्या हाती प्रथम पाटी द्यावयाची व त्याचा कौतुकसोहळा करावयाचा, ही गोष्ट मराठी घरांतील विद्यारंभाच्या संस्काराशी मिळतीजुळती आहे. अक्षराकडे आदराने पाहण्याची वृत्ती दोन्हीकडे समान दिसते.

अध्यापनाचा क्रम ठराविक असतो. प्रथम सुटी अक्षरे, नंतर त्यांची जोडलेली रूपे, त्यानंतर जबर, जेर व पेश ही ऱ्हस्व स्वरांची चिन्हे, पुढे तनवीन, जज्म, तश्दीद व दीर्घ स्वर. प्रत्येक शब्दाचे 'हिज्जे' करावयाचे, म्हणजे अक्षर व त्यावरील चिन्ह वेगळे उच्चारून मग ते जोडून म्हणावयाचे. याचा सराव झाला की हिज्जे सोडून सलग वाचन सुरू होते. कायदा संपल्यावर कुराणाचा तिसावा भाग, म्हणजे 'अम्म'चा पारा, आणि त्यानंतर संपूर्ण तीस पाऱ्यांचे पाहून वाचन, ज्याला 'नाझरा' म्हणतात. उच्चारशुद्धतेवर फार कटाक्ष असतो. प्रत्येक मूल स्वतंत्रपणे उस्तादासमोर बसून आपला धडा म्हणून दाखविते व तो पक्का झाल्याशिवाय पुढचा धडा मिळत नाही. आधुनिक शिक्षणशास्त्र ज्याला प्रभुत्वाधिष्ठित अध्ययन म्हणते, त्याचे हे जुने रूप होय, असे म्हणता येईल.

४. लिपी, ध्वनी आणि अर्थ

मक्तबमध्ये कुराण अस्खलित वाचणारे मूल उर्दूचे साधे पुस्तक वाचताना मात्र अडखळते, असा अनुभव शिक्षकांना नेहमी येतो. त्याचे खापर मुलाच्या बुद्धीवर किंवा उस्तादाच्या पद्धतीवर फोडले जाते. वस्तुतः त्याचे कारण लिपीच्या स्वरूपात आहे.

मुद्रित कुराणात प्रत्येक अक्षरावर स्वरचिन्ह दिलेले असते. त्यामुळे शब्दाचा अर्थ ठाऊक नसतानाही त्याचा अचूक उच्चार करता येतो. उर्दूच्या सामान्य लेखनात ही ऱ्हस्व स्वरचिन्हे गाळलेली असतात. वाचकाला तो शब्द आधीपासून माहीत असेल तरच तो बरोबर वाचता येतो. शिवाय कुराण नस्ख वळणात छापलेले असते, तर उर्दू नस्तालीक वळणात. या वळणात अक्षरे एकमेकांवर तिरकी उतरत जातात. ट, ड, ड़, ग, प, च यांसारख्या ध्वनींची अरबीत नसलेली अक्षरेही उर्दूत नव्याने शिकावी लागतात. लखनौ किंवा दिल्लीच्या मुलाच्या कानावर उर्दू शब्द लहानपणापासून पडलेले असल्याने तो ही उडी सहज घेतो. श्रीवर्धन किंवा तळोज्याच्या मुलाच्या घरात कोकणी बोलली जाते. त्याला उर्दूची लिपी आणि उर्दूची शब्दसंपत्ती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आत्मसात कराव्या लागतात.

याउलट देवनागरीची बाराखडी आणि कायद्यातील स्वरचिन्हे यांत रचनेचे विलक्षण साम्य आहे. 'ब'ला जबर लावून 'ब', जेर लावून 'बि' व पेश लावून 'बु' करणारे मूल आणि 'ब'ला काना, वेलांटी व उकार देणारे मूल तत्त्वतः एकच क्रिया करीत असते. दोन्ही लिपींत स्वर चिन्हाने दाखविला जातो व ध्वनी आणि चिन्ह यांचा संबंध नियमित असतो. त्यातही कोकणी बोलणाऱ्या मुलाला मराठी पाठ्यपुस्तकातील बहुसंख्य शब्दांचा अर्थ बोलीतूनच समजतो. तेव्हा कायदा शिकलेल्या कोकणी मुलासाठी अर्थपूर्ण वाचनाकडे नेणारी जवळची वाट देवनागरीतून जात होती. इतिहासात मात्र मुख्य रस्ता दुसरीकडून बांधला गेला. तो का, हे पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील शासकीय धोरणाकडे वळावे लागते.

५. शासकीय धोरण व हंटर आयोग

मुस्लिमांच्या शिक्षणाकडे हिंदुस्थान सरकारचे लक्ष विशेषत्वाने वेधले गेले ते लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत. ७ ऑगस्ट १८७१ च्या ठरावाने प्रांतिक सरकारांना या विषयात उपाययोजना करण्यास सांगण्यात आले. मुंबईत १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम या संस्थेची स्थापना झाली. बद्रुद्दीन तैयबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन, नाखुदा मुहम्मद अली रोघे व मुन्शी गुलाम मुहम्मद ही मंडळी तिच्या उभारणीत अग्रभागी होती. यांपैकी रोघे हे कोकणी मुस्लिम समाजातील होते. संस्थेची शाळा १८८० मध्ये सुरू झाली व १८९३ मध्ये बोरीबंदर स्थानकासमोर तिची प्रसिद्ध इमारत उभी राहिली. आधुनिक विषय व धर्मशिक्षण एकाच छपराखाली देता येते, पालकांचा विश्वास त्यामुळे मिळतो, हे या संस्थेने सिद्ध केले.

१८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शिक्षण आयोगासमोर तैयबजी यांनी साक्ष दिली. आयोगाच्या १८८३ च्या अहवालात मुस्लिम शिक्षणाविषयी स्वतंत्र शिफारशी आहेत. मुस्लिमांच्या शिक्षणास दिलेले विशेष उत्तेजन स्थानिक, नगरपालिका व प्रांतिक निधीवरील योग्य खर्च समजावा; देशी मुस्लिम शाळांना आपल्या अभ्यासक्रमात व्यावहारिक विषय घालण्यासाठी उदारपणे साहाय्य करावे; मुस्लिम शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय करावी, असे त्यांत सुचविले होते. मक्तब मोडून शाळा काढावी असे आयोगाने म्हटले नाही. मक्तबलाच शाळेचे विषय जोडून घ्यावेत अशी त्याची दिशा होती.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने भाषेविषयीची शिफारस सर्वांत महत्त्वाची आहे. मुस्लिमांच्या प्राथमिक व मधल्या शाळांत हिंदुस्थानी हे मुख्य माध्यम असावे; मात्र एखाद्या भागातील मुस्लिम समाजाची दुसऱ्या भाषेची इच्छा असेल तर तेथे अपवाद करावा, असे आयोगाने म्हटले. कोकणासाठी हा अपवाद जणू मुद्दाम लिहिलेला होता. परंतु अपवाद मागावयाचा तर तो मागणारा आवाज हवा होता. मुंबईतील पुढारी मंडळींचा कल त्या वेळी उर्दूकडे होता. तैयबजी कुटुंबानेही घरची गुजराती बाजूला ठेवून उर्दूचा स्वीकार केला होता. निरनिराळ्या बोली बोलणाऱ्या मुस्लिमांना जोडणारी भाषा म्हणून उर्दूकडे पाहिले जात होते व त्या काळच्या परिस्थितीत ही भूमिका समजण्यासारखी आहे. परिणामी कोकणात नियमालाच वाट मिळाली आणि अपवाद बाजूला राहिला.

६. सिंधचा दाखला

याच मुंबई इलाख्यात दुसऱ्या टोकाला निराळा प्रयोग चालू होता, हे लक्षात घेतल्यास वरील मुद्दा अधिक स्पष्ट होतो. सिंध १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. १८५३ मध्ये सरकारने सिंधीसाठी अरबी वळणाची लिपी निश्चित केली. मुल्लांच्या कुराण शाळांनी धर्मशिक्षणासोबत सिंधी वाचन-लेखन व हिशेब शिकवावा आणि त्याबद्दल अनुदान घ्यावे, अशी योजना तेथे राबविण्यात आली. या 'मुल्ला शाळां'च्या दर्जाविषयी तक्रारी झाल्या, तरी तत्त्व म्हणून ती योजना विचारात घेण्यासारखी आहे. कायद्यातून शिकलेल्या अक्षरांनीच मूल आपल्या घरची भाषा वाचू लागत होते. ध्वनी मशिदीतला व अर्थ घरातला, अशी सांगड तेथे लिपीनेच घालून दिली होती.

कोकणात अशी सांगड आपोआप पडणे शक्य नव्हते, कारण घरच्या भाषेची प्रचलित लिपी देवनागरी व मोडी होती. येथे मुलाला दोन लिपी लागणार हे निश्चित होते. प्रश्न एवढाच होता की, दुसऱ्या लिपीतील मजकूर त्याच्या घरच्या भाषेचा असावा की नाही. एकाच इलाख्यात, एकाच शिक्षण खात्याच्या देखरेखीखाली, दोन प्रदेशांची उत्तरे भिन्न झाली.

७. उर्दू शाळा : लाभ आणि किंमत

उर्दू प्राथमिक शाळांमुळे कोकणी मुस्लिमांचे केवळ नुकसान झाले, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ज्या पालकांना परकी शाळा संशयास्पद वाटत होती, त्यांनी उर्दू शाळेवर विश्वास ठेवला. मुलींच्या बाबतीत हा विश्वास निर्णायक ठरला. मक्तबमध्ये मुली मुलांच्या बरोबरीने कायदा शिकत असत. त्याच वस्तीतील उर्दू शाळेत त्यांना पाठविणे पालकांना सोपे गेले. इस्माईल मेरठी (१८४४-१९१७) यांच्या उर्दू वाचनमालेने मुलांना गोष्टी व निसर्गवर्णने यांचे दालन उघडून दिले. मुफ्ती किफायतुल्ला यांच्या 'तालीमुल इस्लाम'सारख्या प्रश्नोत्तररूप पुस्तिकांनी धर्माची माहितीही पाठांतराकडून आकलनाकडे वळविली. ज्याला पूर्वी केवळ अरबी उच्चार येत होते, त्या मुलाला अर्थ सांगणारी एक मुद्रित भाषा मिळाली, हा उर्दूचा मोठा लाभ होय.

तथापि त्याची किंमतही मोजावी लागली. तलाठ्याचा दाखला, न्यायालयाचा कागद, बाजाराचा व्यवहार व पुढे शासनाची नोकरी या सर्व ठिकाणी मराठी लागत होती. उर्दू शाळेतून चौथी किंवा सातवी उत्तीर्ण झालेले मूल घरी मराठीची बोली बोलत असूनही कागदावरच्या मराठीपुढे बिचकत असे. ज्या मराठीत शेख महंमदांनी 'योगसंग्राम' रचला व हुसेन अंबरखानाने गीतेवर टीका लिहिली, ती लिखित मराठी या मुलांना शाळेच्या दारात परकी झाली. हा विरोधाभास हमीद दलवाई (१९३२-१९७७) यांनी तीव्रतेने मांडला. चिपळूणजवळच्या मिरजोळी गावच्या दलवाईंनी मराठीत कथा-कादंबरी लिहिली आणि मुस्लिम मुलांनी प्रादेशिक भाषेत शिकावे असा आग्रह धरला. त्यांची धर्मचिकित्सा अनेकांना मान्य झाली नाही. भाषेविषयीचा त्यांचा प्रश्न मात्र त्या वादापासून अलग करूनही विचारात घेता येतो. १९९० मध्ये सोलापूर येथे मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते याच भाषिक वास्तवाचा पुरावा होय.

८. स्वातंत्र्योत्तर चौकट

भारतीय संविधानाने या विषयाला निश्चित मर्यादा घालून दिल्या. अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित संस्थेत ते विद्यार्थ्याच्या, व विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय सक्तीचे करता येत नाही. अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेत, मग ती मराठी असो वा उर्दू, धर्मशिक्षणाचा तास ठेवता येत नाही. मक्तब शाळेबाहेर राहिला आणि हंटर आयोगाने कल्पिलेला मक्तब व शाळा यांचा संयोग मागे पडला. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीने मराठीसह उर्दूतही दर्जेदार पाठ्यपुस्तके दिली, परंतु त्या पुस्तकांना मूल मक्तबमधून काय शिकून आले आहे याची दखल घेण्याचे कारण उरले नाही.

पुढील काळातील निर्णय बहुधा मदरशांभोवती फिरत राहिले. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे व वैदिक पाठशाळा यांना त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. औपचारिक विषय न शिकविणाऱ्या मदरशांतील मुले शाळाबाह्य समजण्याच्या राज्य शासनाच्या २०१५ मधील भूमिकेवर मोठी चर्चा झाली. मदरसा आधुनिकीकरणाच्या योजनेखालील शिक्षकांचे मानधन ऑक्टोबर २०२४ मध्ये वाढविण्यात आले. या सर्व चर्चेत सकाळी मक्तबमध्ये व दुपारी शाळेत जाणाऱ्या बहुसंख्य मुलांचा प्रश्न कोठेच आला नाही.

२००१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील मुस्लिमांचे साक्षरतेचे प्रमाण ७८.१ टक्के होते व ते राज्याच्या ७६.९ टक्के या सरासरीपेक्षा अधिक होते. म्हणून या समाजाला साक्षरतेचे वावडे आहे हा समज टिकत नाही. मात्र जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे कोणत्याही भाषेत समजून वाचता व लिहिता येणे म्हणजे साक्षरता होय. 'समजून' हा त्यातील कळीचा शब्द आहे. केवळ नाझरा वाचणारे मूल या व्याख्येत बसत नाही, आणि शाळेचे पुस्तक अर्थ न कळता मोठ्याने म्हणून दाखविणारे मूलही खरे पाहता बसू नये. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे हे उद्दिष्ट ठेवले आहे. अर्थाविना वाचन हा दोष केवळ मक्तबचा नाही, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच होय.

९. दोन तुलनात्मक उदाहरणे

केरळमधील मुस्लिमांनी अरबी लिपीत मल्याळम लिहिण्याची पद्धत विकसित केली. तिला अरबी-मल्याळम म्हणतात. स्त्रियांच्या वाचनात या साहित्याला मोठे स्थान होते. मक्ती तंगळ (१८४७-१९१२) यांनी त्याच्या पुढे जाऊन मल्याळम लिपी व भाषा शिकण्याचा पुरस्कार केला. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या समस्त केरळच्या धर्मशिक्षण मंडळाने इयत्तावार अभ्यासक्रम, छापील पुस्तके व परीक्षा यांची पद्धत बसविली. मदरशाचे वर्ग शाळेच्या वेळेपूर्वी भरत असल्याने दोहोंत स्पर्धा राहिली नाही. धर्मशिक्षण घरच्या भाषेतून व शाळेला पूरक वेळेत, हे केरळचे सूत्र कोकणाच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

दुसरे उदाहरण पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाचे. सिल्व्हिया स्क्रिब्नर व मायकेल कोल यांचा वाई जमातीविषयीचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. वाई लोक आपली स्वतःची लिपी परस्परांकडून शिकतात, अरबी कुराण शाळेत व इंग्रजी सरकारी शाळेत. कुराण शाळेत शिकलेल्यांची क्रमाने पाठ करून लक्षात ठेवण्याची क्षमता विशेष असल्याचे या अभ्यासकांना आढळले. परंतु ती साक्षरता आपोआप अन्य बौद्धिक कौशल्यांत उतरत नाही, हेही त्यांनी दाखविले. ज्या कामाचा सराव होतो, ते कौशल्य वाढते. याचा अर्थ कायद्याने दिलेली स्मरणशक्ती व उच्चारशुद्धता हे खरे भांडवल आहे, पण आकलनासाठी आकलनाचाच सराव द्यावा लागतो.

आपल्याच जिल्ह्यातील एका उदाहरणाचा येथे उल्लेख करावासा वाटतो. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबा भावे यांनी प्रौढ वयात अरबी शिकून मूळ कुराणाचा अभ्यास केला व १९६० च्या दशकाच्या प्रारंभी 'कुराण-सार' प्रसिद्ध केले. उच्चार मूळ भाषेचा राखावा व अर्थ स्वभाषेत पाहावा, ही त्यांची अभ्यासपद्धती या विषयाला लागू पडणारी आहे.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) मक्तबमधील धर्मशिक्षणाने कोकणी मुस्लिम मुलांना लहान वयात अक्षर, ध्वनी व ग्रंथ यांची ओळख करून दिली. हे कार्य शासनाची शाळा येण्यापूर्वीपासून चालू होते व त्यात मुलींचाही सहभाग होता. ते साक्षरतेच्या इतिहासाबाहेर ठेवणे योग्य नाही.

(२) या अक्षरओळखीचे साक्षरतेत रूपांतर होण्यास मुख्य अडसर धर्माचा नसून अर्थाचा आहे. ध्वनीला मुलाच्या परिचित भाषेतील अर्थ जोडला गेला तेथे मक्तबचा पाया उपयोगी पडला. न जोडला गेला तेथे पठण व वाचन यांत अंतर राहिले.

(३) हंटर आयोगाने १८८३ मध्ये ठेवलेला भाषिक अपवाद कोकणास अनुकूल होता. तो वापरला न गेल्याने उर्दू हीच अर्थाची भाषा ठरली. तिने शिक्षणाचा प्रसार केला, परंतु कोकणी मुलाला त्याच्या घरच्या बोलीच्या लिखित रूपापासून काही अंशी दूर नेले.

(४) २०२० च्या अधिनियमाने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. या तरतुदीकडे केवळ बंधन म्हणून पाहण्याऐवजी, बाराखडी व कायदा यांतील रचनासाम्याचा उपयोग करून घेण्याची संधी म्हणून पाहणे हितावह ठरेल. प्राथमिक शिक्षकाने धर्मशिक्षण द्यावे असा याचा अर्थ नाही. संविधान त्यास अनुमती देत नाही. समोरचे मूल एक लिपी शिकून आले आहे हे त्याने ओळखावे, एवढेच अपेक्षित आहे. त्याचप्रमाणे मक्तबच्या उस्तादांनी पठणानंतरची पाच-दहा मिनिटे घरच्या बोलीतील अर्थासाठी राखून ठेवल्यास मुलाचा दोन्हीकडे लाभ होईल.

(५) उलव्यासारख्या नव्या वसाहतीत एकाच मक्तबमध्ये कोकणी, दखनी व उत्तर हिंदुस्थानी बोली बोलणारी मुले शेजारी शेजारी बसू शकतात. तेथे 'मुस्लिम मुलांची भाषा उर्दू' हे एकोणिसाव्या शतकातील गृहीतक पुरेसे ठरणार नाही. कोणत्या मुलाला अर्थ कोणत्या भाषेत कळतो, हे प्रत्येक वस्तीत प्रत्यक्ष पाहूनच ठरवावे लागेल.

या विषयावर आपल्या महाविद्यालयांना करता येण्यासारखे काम बरेच आहे. गावोगावच्या जमातींची जुनी कागदपत्रे, उर्दू व मराठी शाळांची पटनोंदणी पुस्तके, वृद्ध स्त्री-पुरुषांच्या शिक्षणाच्या आठवणी ही साधने जिल्ह्यातच आहेत. विमानतळ, रेल्वे व रस्त्यांच्या कामांमुळे या परिसराचे रूप झपाट्याने बदलत असताना ती वेळीच जमविली पाहिजेत. मुलाच्या आयुष्यातील पहिले पान कोणत्या लिपीत होते यापेक्षा त्या पानावरचे त्याला कळले की नाही, हा प्रश्न अखेर महत्त्वाचा आहे. १८८३ मध्ये तो विचारला जाण्याची शक्यता होती, पण तो विचारला गेला नाही. उलव्याच्या शाळांत व मक्तबांत आज बसलेल्या मुलांच्या बाबतीत तरी तो विचारला जावा, अशी अपेक्षा आहे.